मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग

कानाच्या पडद्यामागील पोकळीत अचानक उद्भवणाऱ्या जंतुसंसर्गास मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग म्हणतात. तो कोणत्याही वयात होऊ शकतो. मात्र ६ ते २४ महिन्यांच्या बालकांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते.

नाकाच्या मागील भागापासून मध्यकर्णापर्यंत जाणारी यूस्टेशियन नलिका बालवयात आखूड व आडवी असते. सर्दीने ती सुजली की मध्यकर्णात द्रव साचून त्यात जंतू वाढतात. त्यामुळे टाकवे बुद्रुक (ता. मावळ, जि. पुणे) व आंदर मावळासारख्या अतिपावसाच्या परिसरात पडसे झालेल्या मुलाच्या कानाकडे लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

लक्षणे

सर्दीनंतर दोन-चार दिवसांत कानात ठणका लागतो, दडे बसतात व ऐकू कमी येते. बोलता न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत ओळख अवघड असते. ते रात्री किंचाळून उठते, आडवे करताच अधिक रडते, दूध ओढताना थांबते. ताप येतो, क्वचित उलटी होते. केवळ कान ओढणे हे मात्र भरवशाचे लक्षण नव्हे. दात येताना किंवा झोपेला आलेले मूलही कान ओढते. कानाची पाळी हलवताच वेदना वाढत असेल, तर दोष बहुधा बाह्यकर्णात असतो. निश्चित निदान दुर्बिणीने पडदा पाहूनच होते. रडण्यानेही पडदा लाल दिसू शकतो, म्हणून तो बाहेर फुगलेला असणे ही अधिक महत्त्वाची खूण आहे.

ठणका एकाएकी थांबून कानातून पू वाहू लागला, की घरच्यांना मूल बरे झाल्यासारखे वाटते. वास्तविक त्या वेळी साचलेल्या पुवाच्या दाबाने पडदा फाटलेला असतो. बोलीतील ‘कान फुटला’ हा प्रयोग येथे शब्दशः खरा आहे. असे छिद्र बहुधा काही आठवड्यांत भरून येते, परंतु कानात कोमट तेल किंवा लसणीचा रस घालण्याची रूढ प्रथा अशा वेळी विशेष घातक ठरते. कान १४ दिवसांहून अधिक वाहत राहिल्यास तो जुनाट विकार समजतात आणि त्यातून कायमचे बहिरेपण येऊ शकते.

तातडीची लक्षणे

कानामागे दुखरी सूज येऊन पाळी पुढे ढकलली जाणे, चेहरा एका बाजूस वाकडा होणे, मान ताठरणे, झटके किंवा ग्लानी येणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. ६ महिन्यांखालील बाळाला नुसता ताप व कानदुखीचा संशय असला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.