रोहिणीचे पाणी

आपल्याकडच्या धम्मसहलींचा एक ठरलेला मार्ग आहे. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, श्रावस्ती आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. लुंबिनीत दोन तास थांबायचे, स्तंभापाशी फोटो काढायचा की बस परत फिरते. ज्यांच्या गाठीला थोडे अधिक पैसे असतात ते पुढे काठमांडूला जातात. काही वर्षांपूर्वी मीही शाळेच्या उन्हाळी सुट्टीत असाच गेलो. नेपाळात काय पाहावे, असे तेव्हापासून विद्यार्थी मला विचारतात. ‘हिंदू आणि बौद्ध धर्मांचा सुंदर संगम’ हे वाक्य त्यांनी प्रवासी पुस्तिकांत वाचलेले असते. त्या संगमात मला काय दिसले, ते येथे सांगतो.

लुंबिनीचा अशोकस्तंभ 1896 साली पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी सम्राट स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने स्तंभ उभारला, गावाचा ‘बली’ माफ केला आणि सारा आठव्या हिश्श्यावर आणला, असा त्या लेखाचा आशय आहे. जन्मस्थळाचा गौरव करताना तेथे राबणाऱ्या कुणब्याचे ओझे हलके करावे, हे या राजाला सुचले. आपल्याकडील किती तीर्थक्षेत्रांच्या इतिहासात असा उल्लेख सापडेल?

लुंबिनीच्या पूर्वेकडून रोहिणी नदी वाहते. रामग्रामच्या स्तूपाकडे जाताना मी ती ओलांडली. नदी साधीच आहे, गाडीतले कोणी मान वळवूनही पाहात नव्हते. पण बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचकाला ती ओळखीची असते. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पारंपरिक कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा पेटला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्याची किंमत म्हणून परिव्रज्या पत्करली. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाला बुद्धाच्या गृहत्यागामागे पाण्याचा प्रश्न दिसावा, हा मला योगायोग वाटत नाही.

काठमांडूच्या खोऱ्यात ‘संगम’ खरोखरच दिसतो. स्वयंभूच्या टेकडीवर महाचैत्याशेजारी एक लहान देऊळ आहे. बौद्ध तिला हारिती म्हणतात, हिंदू तिलाच शीतला म्हणून पूजतात. पाटनच्या रथयात्रेतला देव बौद्धांचा करुणामय अवलोकितेश्वर आहे आणि हिंदूंचा मच्छिंद्रनाथ. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते नाव ऐकून क्षणभर गावी आल्यासारखे वाटते.

पाटनमधील जुने विहार, ज्यांना तेथे बहाल म्हणतात, पाहण्यासारखे आहेत. हिरण्यवर्ण महाविहाराचे धातुकाम पाहून डोळे दिपतात. परंतु तेथील संघाचे सभासदत्व वंशपरंपरेने मिळते. शाक्य आणि वज्राचार्य कुळांतील मुलगे काही दिवस भिक्षू होतात, चीवर उतरवून प्रपंचात परततात आणि जन्मभर त्या विहाराचे सभासद राहतात. चौदाव्या शतकातील जयस्थिती मल्ल या राजाने समाजाची जातवार बांधणी केली, असे तेथील परंपरा सांगते. या लोकांना मी कमी लेखत नाही. महायानाचे कित्येक संस्कृत ग्रंथ त्यांच्या पोथ्यांमुळेच जगाला मिळाले. पण ज्या संघात नद्यांनी सागरात मिळावे तसे सर्व कुळांनी मिळायचे होते, त्याचे दार जन्मावर उघडू लागले, हेही नाकारता येत नाही.

पुढे 1854 साली जंगबहादूर राणाच्या ‘मुलुकी ऐन’ने सगळ्या देशालाच जातींच्या उतरंडीत बसवले. तिची कसोटी पाण्याची होती. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हे कायद्याने ठरवले. तळाशी कामी, सार्की, दमाई, गाइने, पोडे. त्यांचा स्पर्श झाला तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हायचे. ज्याच्या हातचे पाणी बाटते, त्याचा विटाळ धुवायलाही पाणीच!

‘संगम’ म्हणणाऱ्यांनी आणखी दोन वर्षे लक्षात ठेवावीत. 1944 साली राणा राजवटीने धर्मप्रचार करणाऱ्या थेरवादी भिक्षूंना बुद्धाच्या जन्मभूमीतून हद्दपार केले. आणि 1954 साली दलितांना पशुपतिनाथाच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. काळारामाच्या दारी आपण 1930 साली उभे होतो. देवळे दोन, दार एकच.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर 1956 मध्ये, याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेपुढे बाबासाहेब बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना झाला होता, आणि महापरिनिर्वाण अवघ्या काही दिवसांवर आले होते. आपल्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र काठमांडूची ही ओळख क्वचितच असते.

1963 च्या नव्या ऐनाने जातिभेदाचा कायदेशीर आधार गेला. 2011 साली अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदाही झाला. तरीही मे 2020 मध्ये पश्चिम रुकुममध्ये प्रेयसीला आणायला मित्रांसह गेलेल्या दलित तरुणावर गाव धावून गेले आणि सहा जणांचा जीव गेला. परतीच्या वाटेवर डोंगरातल्या एका चहाच्या टपरीवर मी एक म्हातारा शिंपी पाहिला. लग्नात सनई वाजवणारा, दमाई जातीचा. चहा संपल्यावर त्याने आपला पेला स्वतः विसळला आणि बाकीच्यांपासून वेगळा, पालथा ठेवला. कोणी त्याला सांगितले नव्हते. माझ्या गावच्या हॉटेलाबाहेरची, कान तुटलेली कपबशी मला आठवली. मीही उठलो, माझा पेला विसळला आणि त्याच्या पेल्याशेजारी ठेवला. टपरीवाला काही बोलला नाही. म्हातारा मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहात राहिला.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो, लुंबिनी पाहा, स्वयंभू पाहा, पाटन पाहा. पण रोहिणीच्या काठी थोडा वेळ थांबा आणि टपरीवरचे पेलेही पाहा. बुद्धाची जन्मभूमी असूनही तो देश जातीपासून वाचला नाही. मग नुसते विहार बांधून आपण तरी कसे वाचू? आज आपल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे आहेत. त्यांच्या किल्ल्या बापाकडून लेकाकडे जाऊ लागल्या आहेत का, आणि पोटजातीचे नाव विचारून तेथे सोयरिकी ठरतात का, हे आपले आपणच तपासले पाहिजे. पाटनच्या बहालांनाही ‘आजपासून आम्ही जात’ असे एके दिवशी कोणी जाहीर केले नसेल.