हंस : मानसरोवरापासून श्वासापर्यंत

डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून ओळखला जाणारा पट्टकादंब हा रानहंस तिबेट-मंगोलियातील सरोवरांकाठी वीण घालतो आणि हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात उतरतो. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू पकडते. ७,००० मीटरहून अधिक उंचीवरील त्याचे उड्डाण नोंदले गेले आहे. उजनी, जायकवाडी धरणांच्या काठी तो गवत खुडताना दिसतो.

जल, भूमी आणि आकाश या तिन्हींत संचार करणारा हा हंस भारतीय परंपरेत मुक्त आत्म्याचे प्रतीक ठरला. बिहारमधील लौरिया नंदनगढच्या अशोकस्तंभावर दाणे टिपणाऱ्या हंसांची रांग कोरलेली आहे, तर अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात हंसजातक, म्हणजे बुद्धाच्या हंसरूपी पूर्वजन्माची कथा, चितारले आहे. योगपरंपरेने श्वासोच्छ्वासात ‘हंसः’ आणि ‘सोऽहम्’ (तो मीच) ऐकले. सर्वसंगपरित्याग केलेला संन्यासी ‘परमहंस’ म्हणवला गेला.