मोबाइल ग्राहकावरील कराचा भार : कोलकात्यातील पहिल्या कॉलपासून जीएसटीपर्यंत

प्रस्तावना

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातील रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. हा भारतातील पहिला मोबाइल कॉल मानला जातो. सेवा देणारी कंपनी होती मोदी टेल्स्ट्रा. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत जात असे आणि आलेला फोन घेण्यासाठीही पैसे पडत.

पुढे कॉल स्वस्त होत गेले, पण ग्राहकाच्या बिलावरील कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. खर्च घटला आणि कर वाढला, हे दोन्ही एकाच वेळी कसे घडले? हा प्रश्न समोर ठेवून आपण या इतिहासाकडे पाहू.

१. कराचे दोन थर

मोबाइल ग्राहकावरील भाराचे दोन थर आहेत. पहिला थर दिसणारा : बिलावर किंवा रिचार्जमध्ये आकारला जाणारा सेवा कर, आणि आता वस्तू व सेवा कर (जीएसटी). दुसरा थर न दिसणारा : कंपनी सरकारला देते ते परवाना शुल्क आणि स्पेक्ट्रमचे शुल्क. कायद्याच्या भाषेत दुसरा थर कर नाही. पण कंपनी हा खर्च आपल्या दरांतून भरून काढू पाहते, म्हणून त्याचा बराचसा भार ग्राहकापर्यंत पोहोचतो.

२. ठोक शुल्काकडून महसूल वाट्याकडे

१९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांना परवाने मिळाले. कोलकात्यात मोदी टेल्स्ट्रा आणि उषा मार्टिन अशा दोन कंपन्या होत्या. परवाना शुल्क ठोक होते. ग्राहक कमी असले तरी रक्कम भरावीच लागे. ग्राहक थोडे, शुल्क मोठे, म्हणून दर चढे. आणि दर चढे म्हणून ग्राहक थोडे, असे हे चक्र होते. कंपन्यांची थकबाकी वाढत गेली.

१९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने हे चक्र मोडले. ठोक रकमेऐवजी उत्पन्नातील टक्केवारी घेण्याची पद्धत आली. सुरुवातीला तात्पुरता १५ टक्के असलेला हा वाटा पुढे टप्प्याटप्प्याने उतरला आणि २०१३ पर्यंत देशभर सरसकट ८ टक्के झाला. यातील ५ टक्के ग्रामीण भागातील सेवेसाठीच्या सार्वत्रिक सेवा निधीचे होते. १ मे २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले. स्पर्धा, तंत्रज्ञान आणि हलका झालेला दुसरा थर या तिन्हींमुळे दर कोसळले.

३. सिम कार्ड : वस्तू की सेवा?

दरम्यान राज्यांनीही या उत्पन्नावर हक्क सांगितला. राज्यघटनेनुसार टेलिफोन हा केंद्राचा विषय आहे, पण मालाच्या विक्रीवर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा. सिम कार्ड ‘विकले’ जाते आणि जोडणी ‘वापरायला’ दिली जाते, म्हणून विक्रीकर द्यावा, असे काही राज्यांचे म्हणणे होते. तसे झाले तर एकाच सेवेवर ग्राहकाने सेवा करही द्यायचा आणि विक्रीकरही!

२ मार्च २००६ रोजी ‘भारत संचार निगम लिमिटेड विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्या. रुमा पाल यांचे होते; त्या पूर्वी कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश होत्या. विद्युतचुंबकीय लहरी म्हणजे ‘माल’ नव्हे, आणि सिम कार्ड हे केवळ सेवा मिळवण्याचे साधन असेल तर त्याची स्वतंत्र विक्री मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. दुहेरी कराचे संकट टळले. राज्यांचा हात मात्र रिकामा राहिला.

४. पाच टक्क्यांपासून अठरा टक्क्यांपर्यंत

सेवा कर १ जुलै १९९४ रोजी सुरू झाला, तो फक्त तीन सेवांवर : टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली. दर ५ टक्के. टेलिफोनची निवड सोयीची होती. फोन असणारे घर सुस्थितीतले समजले जाई आणि वसुलीसाठी बिल आधीपासूनच निघत होते.

दर पुढे असे बदलले (उपकर वगळून) :

• २००३ : ८ टक्के
• २००४ : १० टक्के
• २००६ : १२ टक्के
• फेब्रुवारी २००९ : १० टक्के (जागतिक मंदीमुळे कपात)
• २०१२ : पुन्हा १२ टक्के
• जून २०१५ : १४ टक्के, स्वच्छ भारत व कृषी कल्याण उपकर धरून जून २०१६ पासून १५ टक्के
• १ जुलै २०१७ : जीएसटी १८ टक्के

या यादीत कपात एकदाच दिसते, आणि तीही सर्व सेवांसाठी होती. फोन ही आता चैन राहिलेली नाही, म्हणून त्यावरचा कर वेगळा आणि कमी ठेवावा, असा निर्णय यात कुठेच आढळत नाही.

जीएसटीच्या वाटचालीतही कोलकात्याचा संबंध येतो. राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या अधिकारप्राप्त समितीचे नेतृत्व बरीच वर्षे पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता यांच्याकडे होते. जून २०१६ मध्ये या समितीची महत्त्वाची बैठक कोलकात्यातच, अमित मित्रा यांच्या अध्यक्षतेखाली झाली. राज्यांतर्गत सेवेवरील १८ टक्क्यांपैकी ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे असतात. २००६ मध्ये न्यायालयात जे मिळाले नव्हते, ते राज्यांना २०१७ मध्ये घटनादुरुस्तीच्या मार्गाने मिळाले.

५. भार कोणावर?

एक साधे गणित करू. कर धरून १०० रुपयांच्या रिचार्जमध्ये ५ टक्के दराने कर ४ रुपये ७६ पैसे येतो. १८ टक्के दराने १५ रुपये २५ पैसे. हॉटेलात भांडी घासणारा मुलगा आणि कंपनीचा मालक यांनी एकच रिचार्ज केले तर दोघेही तेवढाच कर देतात. उत्पन्नाच्या मानाने गरिबावर भार जास्त पडतो, म्हणून अशा कराला प्रतिगामी म्हणतात. शिवाय व्यवसायासाठी फोन वापरणारा नोंदणीकृत व्यापारी भरलेल्या कराची वजावट मिळवू शकतो. मजुराला ती सोय नाही.

हँडसेटवरील जीएसटीही १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने दूरसंचार क्षेत्राला सवलती दिल्या. थकबाकी भरण्यास मुदत मिळाली आणि पुढील लिलावांतील स्पेक्ट्रमवरचे वापर शुल्क रद्द झाले. ही सवलत दुसऱ्या थरातील होती. कंपनीचा भार हलका झाला. पण तो लाभ ग्राहकापर्यंत पोहोचेलच अशी तरतूद त्यात नव्हती. १९९९ नंतर असा लाभ झिरपला, कारण तेव्हा नवनव्या कंपन्यांची चढाओढ होती. आज देशात मोजक्याच कंपन्या उरल्या आहेत.

समारोप

ग्राहकाला आजवर मिळालेला दिलासा मुख्यतः न दिसणाऱ्या थरातून आणि स्पर्धेतून आला. दिसणारा कर चढतच राहिला. फोन श्रीमंतांच्या घरी होता तेव्हा निवडलेली कराची वस्तू, फोन प्रत्येकाच्या खिशात आल्यावरही तशीच राहिली. हा भार कमी करायचा तर आता एकट्या केंद्राकडे मागणी करून भागणार नाही. जीएसटी परिषदेत निर्णयाला तीन-चतुर्थांश मतभार लागतो आणि त्यात राज्यांचा वाटा दोन-तृतीयांश आहे. कपात झाली तर महसूल राज्यांचाही घटेल. म्हणून हा प्रश्न दिल्लीला जितका विचारायला हवा, तितकाच कोलकाता आणि मुंबईलाही.

स्वाध्याय

१. ठोक परवाना शुल्क आणि महसूल वाटा यांतील फरक सांगून ग्राहकाच्या दरांवर झालेला परिणाम स्पष्ट करा.
२. २००६ च्या निकालाने दुहेरी कर कसा टाळला?
३. मोबाइल रिचार्जवरील जीएसटी प्रतिगामी आहे का? उदाहरणासह चर्चा करा.