खडकीची तार तरली, मुंबईची नभोवाणी बुडाली

१/ साल १९२७. वाकडपासून जवळच असलेल्या खडकीतून बिनतारी संदेश थेट इंग्लंडला जाऊ लागले. तिकडून येणारे संदेश दौंडला टिपले जात. ही सेवा उभारणाऱ्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीमागे मुंबईचे उद्योजक सुलतान चिनॉय होते.

२/ याच कंपनीचे भांडवल आणखी एका धाडसात गुंतले होते: इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले.

३/ तारेला ग्राहक तयारच होते. व्यापारी शब्दागणिक पैसे मोजत. नभोवाणीचे गणित मात्र बिकट होते. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, पल्ला सुमारे ५० किलोमीटर, संच महाग. वार्षिक परवाना १० रुपयांचा; त्यातील ८ रुपये कंपनीला.

४/ परवानाधारक आठ हजारांच्या आतच राहिले. मार्च १९३० मध्ये कंपनी गुंडाळली गेली. १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे चालवायला घेतली. १९३६ मध्ये या सेवेचे नाव ऑल इंडिया रेडिओ झाले.

५/ लहरी त्याच, भांडवलही त्याच घरचे. पण तार पाठवणारा प्रत्येक शब्दाची किंमत देत होता. ऐकणाऱ्याकडून ती वसूल करण्याची वाट कंपनीला सापडली नाही. भारतीय नभोवाणी सरकारी झाली, ती या हिशेबातून.