'कार्ल': सामान्य माणसाचे नाव 'राजा' कसे झाले?

१/ बुद्धिबळाच्या पटावरील राजाला रशियन भाषेत 'कोरोल' म्हणतात, पोलिशमध्ये 'क्रूल' आणि चेकमध्ये 'क्राल'. बहुतेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे तिन्ही शब्द एकाच माणसाच्या नावापासून आले आहेत. गंमत अशी की, त्या नावाचा मूळ अर्थ 'राजा' नव्हताच. #थ्रेड

२/ ते नाव म्हणजे 'कार्ल'. प्राचीन जर्मानिक भाषांत या शब्दाचा अर्थ 'पुरुष' किंवा 'स्वतंत्र माणूस' असा होता. उमराव नव्हे, पण कुणाचा गुलामही नव्हे.

३/ फ्रँक लोकांचा सेनानी शार्ल मार्तेल याने इ. स. ७३२ मध्ये तूरच्या लढाईत उमय्या फौजेला रोखले. राज्याची सूत्रे हाती असूनही तो कधी राजा झाला नाही. त्याचा नातू कार्ल मात्र २५ डिसेंबर ८०० रोजी रोममध्ये सम्राट झाला. लॅटिनमध्ये तो 'कारोलुस माग्नुस', म्हणजेच 'थोर कार्ल', फ्रेंचमध्ये 'शार्लमेन'.

४/ त्याच्या साम्राज्याच्या पूर्व सीमेपलीकडे स्लाव लोक राहत. त्यांच्या लेखी राजा म्हणजे हा कार्ल! पुढे हे विशेषनाम कोणत्याही राजासाठी वापरले जाऊ लागले. रोमच्या 'सीझर'पासून 'कायझर' आणि 'त्सार' झाले, तसेच हे. हंगेरियन 'किराय' आणि लिथुआनियन 'कारालियुस' हेही याच कुळातले.

५/ नाव म्हणूनही 'कार्ल' युरोपभर पसरले: फ्रेंच शार्ल, इटालियन कार्लो, स्पॅनिश व पोर्तुगीज कार्लोस, डच व चेक कारेल, हंगेरियन कारोय. पोलिशमध्ये तर दोन्ही रूपे शेजारी नांदतात: 'कारोल' हे नाव, 'क्रूल' म्हणजे राजा.

६/ सन १५०० मध्ये गेंट येथे जन्मलेला एकच राजपुत्र स्पेनचा 'कार्लोस पहिला' झाला आणि पवित्र रोमन साम्राज्याचा 'कार्ल पाचवा'. भाषा बदलली तसे नाव बदलले. राज्य बदलले तसा क्रमांकही.

७/ इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाचे नशीब दुभंगले. अँग्लो-सॅक्सन समाजात 'चेओर्ल' म्हणजे सर्वांत खालच्या दर्जाचा, पण स्वतंत्र माणूस. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर त्याचे स्वातंत्र्य आक्रसत गेले आणि शब्दाचीही प्रतिष्ठा गेली. आज इंग्रजीत 'चर्ल' म्हणजे उद्धट, गावंढळ इसम. त्याच शब्दाचे फ्रेंचमार्गे आलेले भावंड 'चार्ल्स' मात्र थेट राजसिंहासनावर जाऊन बसले.