ई-स्कूटरची बॅटरी बदलताय? आधी चार्जरवरचा आकडा वाचा

हिंगोली : गावागावांत दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या ॲसिड बॅटऱ्या आता बसत चालल्या आहेत. दुकानदार सांगतो, "लिथियम टाका, वजन निम्म्याच्या खाली येतं." ते खरंच आहे. पण पैसे वाचवायला बॅटरी नवी आणि चार्जर जुनाच, असा सौदा बरेच जण करतात. खरा धोका तिथंच आहे.

गाडी '६० व्होल्ट'ची असली तरी बॅटरी पूर्ण भरल्यावरचा आकडा प्रत्येक जातीचा वेगळा असतो. ॲसिडच्या १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या जोडल्या की त्यांचा चार्जर साधारण ७२ ते ७४ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियममध्ये दोन जाती जास्त चालतात. एनएमसी जातीच्या ६० व्होल्ट पॅकमध्ये सहसा १६ सेल ओळीने असतात, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणजे पॅक ६७.२ व्होल्टला फुल. एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टला भरतो. असे २० सेल असले तर ७३ व्होल्ट. आता ६७.२ ला थांबणाऱ्या पॅकला ॲसिडचा ७४ व्होल्टचा चार्जर लावला तर काय होईल? आतलं बीएमएस नावाचं सर्किट पुरवठा तोडतं. पण तेवढ्या एका सर्किटवर रोज रात्री भरवसा ठेवायचा, आणि ते खराब झालं की सेल गरजेपेक्षा जास्त भरून तापत जातात, पेटूही शकतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. देशात त्या वर्षी गाड्या पेटण्याच्या घटना वाढल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस १५६ हे नियम कडक केले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सुटे सेल जोडून स्थानिक पातळीवर बनवलेल्या पॅकवर असं प्रमाणपत्र मिळणं अवघडच.

म्हणून पॅक घेताना त्याचाच चार्जर सोबत घ्यावा. पॅकच्या लेबलवर जात, सेलची संख्या आणि फुल चार्ज व्होल्टेज बघावं. चार्जरवर 'आउटपुट' समोर तोच आकडा हवा. लेबल पुसलेलं असेल तर तो चार्जर घेऊच नये. पिनवरही लक्ष ठेवा. दोन चार्जरची पिन सारखी दिसते, पण प्लस-मायनस उलटे असू शकतात. मोटार रिवायंडिंगवाल्याकडे मल्टिमीटर असतो, दोन मिनिटांचं काम आहे.

जात कोणती घ्यावी? आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो. एलएफपी उन्हाला जास्त सोसते आणि टिकतेही जास्त, वजन थोडं वाढतं एवढंच. गावातल्या वापराला एलएफपीच बरी.

किती मोठी घ्यायची, हा हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवर म्हणजे १८०० वॅट-अवर, म्हणजे १.८ युनिट. अशी गाडी किलोमीटरला २५ ते ३० वॅट-अवर खाते, म्हणजे साठेक किलोमीटर. हिंगोली ते औंढा जाऊन-येऊन ५० च्या आसपास होतात. डबलसीट आणि पुढं पेंडीची पिशवी असेल तर त्यातूनही कमी धरावं. दुकानातला शंभर किलोमीटरचा आकडा सपाट रस्त्यावर एकट्या माणसाचा असतो.

व्होल्ट मात्र गाडीच्या कंट्रोलरवर लिहिलेलेच ठेवायचे. वेग वाढवायला ६० च्या गाडीत ७२ टाकून देणारे मेकॅनिक भेटतात. कंट्रोलर जळू शकतो, शिवाय ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतल्या गाडीला मिळणारी लायसन्स-पासिंगची सूट जाते.

चार्जर ५-६ अँपिअरचा पुरतो. ३० ची बॅटरी पाच-सहा तासांत भरते, रात्रीत काम होतं. घाईसाठी १० अँपिअरचा घ्यायचा तर पॅकवर तेवढा चार्जिंग करंट लिहिलेला असावा. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळं 'इनपुट'चा आकडाही वाचा. १७० च्या खालीही चालणारा चार्जर मिळाला तर बरं. लाईट जाऊन-येऊन करत असेल तेव्हा प्लग काढून ठेवावा.

जागेचं सांगायचं तर कापूस साठवलेली खोली, कडब्याची गंजी, झोपायची खोली आणि बाहेर निघायचं दार, एवढ्या ठिकाणी चार्जिंग नको. ओसरीत, सावलीत, फरशीवर ठेवावं. बोर्डाला अर्थिंग हवं, ढिला एक्स्टेंशन बोर्ड नको. उन्हातून आल्यावर अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी, मगच लावावी. पॅक फुगला, वास आला किंवा पाण्यात बुडाला तर तो पुन्हा चार्जिंगला लावू नये, घरापासून लांब मोकळ्यात ठेवावा.

जीएसटी बिलावर पॅकचा आणि चार्जरचा, दोन्हींचे सिरीयल नंबर लिहून घ्या; वॉरंटी मागताना दुकानदार आधी तेच विचारतो. जुन्या ॲसिड बॅटऱ्या भंगारात चांगल्या जातात, त्यांचे पैसे त्याच बिलातून वजा करून घ्यावेत.