शोधाची रीत आणि हाती आलेले ज्ञान



मोठ्या मजकुरात एखादा शब्द कोठे आला आहे ते पाहणे, हे काम वरवर क्षुल्लक वाटते. शब्द पहिल्या अक्षरापाशी लावून पाहावा. न जुळल्यास एक घर पुढे सरकून पुन्हा पहिल्यापासून पडताळावा. शाळेतले मूलही ही रीत सांगेल. परंतु दहा लक्ष अक्षरांचा मजकूर संगणकापुढे ठेवला, की या भोळ्या रीतीतली उधळपट्टी दिसू लागते. ती कशी थांबली, हे आज आम्हांस सांगावयाचे आहे.

'कमकमकल' या माळेत 'कमकल' शोधावयाचे आहे असे समजा. तीन अक्षरे जुळली, चौथे चुकले. भोळी रीत मागे वळते आणि पाहिलेलेच पुन्हा पाहते. पण तिसरे अक्षर 'क' आहे हे आपणांस आता ठाऊक झाले आहे, आणि शोधावयाची माळही 'क' नेच सुरू होते. मग मागे कशाला जावे? तिसऱ्या घरापाशी माळ लावून चौथ्यापासून पडताळा पुढे चालवला की काम भागले.

1969 साली अमेरिकेत जेम्स मॉरिस यांनी मजकूर-संपादनाच्या एका आज्ञावलीत हीच युक्ती योजली. पण ती सहकाऱ्यांस उमगली नाही, आणि काही महिन्यांत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होऊन तिचा पार घोळ झाला. स्टीफन कुक यांच्या एका सिद्धान्तावरून डोनाल्ड कनूथ स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी येऊन पोचले. कनूथ, मॉरिस आणि व्हॉन प्रॅट या तिघांचा निबंध 1977 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बॉयर व मूर यांनी आणखी धाडस केले. त्यांनी पडताळा शब्दाच्या शेवटाकडून सुरू केला. समोरचे अक्षर शब्दात नाहीच असे दिसले, तर शब्दाच्या लांबीइतकी उडी! अशा वेळी मजकुरातील पुष्कळ अक्षरे पाहावीही लागत नाहीत.

येथवर विचार मुख्यतः अक्षरांचा होता. पण आकड्यांच्या अगर तारखांच्या माळेत शोध घ्यावयाचा झाला, तर दर वेळी नवी आज्ञावली लिहावी काय? अलेक्झांडर स्टेपानोव्ह यांनी प्रश्नच उलटा केला: शोधास मुळात लागते काय? एक पाऊल पुढे टाकता यावे, जागा लक्षात ठेवता यावी, आणि दोन वस्तू समान आहेत की नाहीत हे कळावे. एवढे असले की माळ कशाचीही असो. यालाच जेनेरिक प्रोग्रामिंग म्हणतात. मेंग ली यांच्यासह त्यांनी रचलेला रीतींचा संग्रह 1994 साली सी प्लस प्लस भाषेच्या समितीने स्वीकारला, आणि 1998 च्या प्रमाणग्रंथात 'सर्च' ही रीत आली.

गंमत अशी की, या प्रमाणाने वचन दिले ते एवढेच: तुलनांची संख्या दोन्ही माळांच्या लांबींच्या गुणाकाराहून अधिक होणार नाही. म्हणजे भोळी रीतही चालेल! कारण बॉयर-मूर यांच्या रीतीस उड्या मारण्याची सोय व तक्ता लागतो, आणि प्रत्येक माळ ती सोय देतेच असे नाही. मागणी जितकी थोडी, तितका उपयोग व्यापक. 2017 च्या प्रमाणात मात्र, ज्यास गरज असेल त्याने ती वेगवान रीत 'सर्च'च्या हाती द्यावी, अशी तरतूद झाली. पूर्वी 'सर्च' सापडलेल्या तुकड्याचा आरंभ तेवढा सांगे. शेवट कळलेला असूनही टाकून दिला जाई. 2020 च्या नव्या रूपात आरंभ आणि शेवट दोन्ही मिळू लागले.

म्हणून आम्हांस असे वाटते की, हा सारा इतिहास हाती आलेले ज्ञान वाया न घालविण्याचा आहे. मॉरिस यांच्या आज्ञावलीने पाहिलेले अक्षर वाया जाऊ दिले नाही. पण ती दुसऱ्यास न कळल्यामुळे ती स्वतःच वाया गेली. ज्ञान साठविणे हे अर्धे काम. ते दुसऱ्याच्या हाती नीट सोपविणे हे उरलेले अर्धे.